कारण (एका ओळीत लिहावे)

फॉर्ममध्ये तेवढीच जागा आहे,
कारणासाठी एक ओळ.
नाव, वय, शिफ्ट, मशीन क्रमांक, सगळ्यांना आपापले चौकोन;
इजेसाठी तर माणसाचं अख्खं चित्र दिलंय,
समोरून आणि पाठमोरं,
त्यावर माउसने फुली मारायची.

हिरामण भोये. वय चोवीस. गाव सुरगाण्याच्या पलीकडे.
कंत्राटी. प्रेस क्रमांक सात.
उजवा हात : तर्जनी, मधलं बोट.
मी फुली मारली. चित्रातला हात इतका लहान
की फुलीखाली सगळा पंजाच गेला.

पंधरा वर्षं सातपूरला सेफ्टी ऑफिसर आहे मी.
दर मार्चात शपथ वाचून दाखवतो,
हिरवा बिल्ला लावतो, पेढे वाटतो.
टायपिंग मात्र अजून धड शिकलो नाही,
दोनच बोटांनी करतो.
उजव्या हाताच्या. तर्जनी आणि मधलं.
हे लक्षात आलं
'कामगाराचा निष्काळजी' इथवर लिहून झाल्यावर,
'पणा' बाकी असताना.

सात नंबरच्या प्रेसला एक डोळा आहे.
हात मधे आला की प्रेस थांबवतो.
पण तो धुळीनेही थांबवतो, उगाचही थांबवतो,
तासाला चाळीस नग कमी पडतात.
म्हणून दिवाळीपासून
एका तारेने त्याला झोपवून ठेवलं होतं.
ती तार मी पाहिली होती.
पाहिली, आणि चहाला गेलो.
चहा चांगला होता, हेही आठवतं.

त्र्यंबक रोडच्या दवाखान्यात जाताना
द्राक्षं घ्यावीत असं वाटलं, सीझन होता.
मग वाटलं, घडातून मणी तोडायला बोटं लागतात.
शहाळं घेतलं.
त्याची आई कॉटशेजारी जमिनीवर बसलेली,
मला बघून उठायला लागली.
बसा बसा म्हणालो, तरी उठलीच.
तो म्हणाला, 'साहेब, आंगठा हाये ना.
हजेरी लागंल.'
आणि पट्टीतून बाहेर राहिलेला अंगठा
वर करून दाखवला.
आपण दाखवतो ना एकमेकांना, मस्त चाललंय म्हणून,
तसाच दिसत होता.

माझे वडीलही प्रेसमध्येच होते.
नोटांच्या, नाशिकरोडला.
क्वार्टर, कँटीन, दिवाळीचा बोनस, माझ्या डिप्लोमाची फी;
निवृत्तीचा हार त्यांनी दहाही बोटांनी काढून
आईच्या हातात दिला.
त्या प्रेसपासून या प्रेसपर्यंत पंधराएक किलोमीटर.
मी कष्टाने आलो असं सांगतो सगळ्यांना.
खरं तर बरंचसं अंतर
झोपेत, कुणाच्या तरी खांद्यावरून आलो.

रात्री घरी, गंगापूर रोडला,
बाथरूमची कडी लावून
दोन बोटं चिकटपट्टीने बांधून पाहिली.
शर्टाचं बटण निघेना,
टूथपेस्टचं झाकण बेसिनमागे गेलं.
डोळ्यांत पाणीबिणी आलं,
आणि त्या पाण्याचं मला
थोडं कौतुकही वाटलं. खोटं कशाला सांगू.
मग पट्टी काढली.
मला काढता आली.

आज सकाळी आधी पक्कड घेऊन गेलो.
तार दोनदा कापावी लागली, जाड होती.
नंतर खुर्चीत बसून
'कामगाराचा' हा शब्द खोडला
आणि तिथे माझं नाव टाकलं.
प्लांट हेड बाग्रेचांचंही टाकणार होतो,
तेवढ्यात ओळ संपली.

त्यांचे दोन फोन येऊन गेले.
एक नग कमी का म्हणून,
एक फॉर्म गेला का म्हणून.
फॉर्म अजून स्क्रीनवर आहे.
पाठवायला एकच बोट लागतं,
आणि मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये आहे.

काचेतून दिसतंय,
सात नंबरवर नवा मुलगा उभा केलाय.
हात आत घालतो, प्रेस थांबते,
तो दचकून इकडेतिकडे बघतो,
आपलंच काही चुकलं असं वाटून.
त्याचं नाव मला माहीत नाही.